स्टार पाच, फिटिंग नापास!

एसी घेताना आपण स्टार मोजतो, डिस्काउंट मोजतो, ईएमआय मोजतो. पण तो भिंतीवर बसवला कसा, हे कोण मोजतं? कॅलिफोर्नियाने सवलतीची आणि फिटिंगची गाठ कशी मारली, त्याची ही गोष्ट. आणि आपण काय करू शकतो, तेही!

मार्च संपत आला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकच विषय असतो... ''या वर्षी एसी घ्यायचाच यार!'' मग वीकेंडला शोरूमची वारी. इन्व्हर्टर की नॉन-इन्व्हर्टर, एक टन की दीड टन, कुठल्या कार्डावर कॅशबॅक? दोन तास डोकं लावून आपण मस्तपैकी पाच स्टारवाला एसी बुक करतो आणि घरी येतो. काम फत्ते!

पण बॉस, खरं काम तर आता सुरू होतं. दोन दिवसांनी दारात दोन मुलं येतात. एकाच्या खांद्यावर कॉपर पाइपची गुंडाळी, दुसऱ्याच्या हातात ड्रिल. तासाभरात एसी लागतो, रिमोटचं बटण दाबलं जातं, गार वारा येतो. आपण खूश, चहा होतो, सही होते, मुलं पुढच्या घरी पळतात. त्या तासाभरात नेमकं काय झालं, हे आपल्यापैकी किती जण बघतात?

स्टारचा फंडा काय?

आधी स्टार म्हणजे काय ते समजून घेऊ. ऊर्जा संवर्धन कायदा आला २००१ मध्ये. त्यातून २००२ मध्ये ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी म्हणजे 'बीईई' ही संस्था उभी राहिली आणि २००६ पासून उपकरणांवर स्टारचं स्टिकर दिसायला लागलं. एसीवर ते सक्तीचं झालं २०१० मध्ये.

स्टिकरवर 'आयएसईईआर' नावाचा एक आकडा असतो. त्याचा अर्थ सोपा आहे. मोसमभरात खोलीतली जेवढी उष्णता बाहेर काढली, तिला त्यासाठी खर्च झालेल्या विजेने भागायचं. आकडा जितका मोठा, तितका एसी काटकसरी. हिशेब धरतात वर्षाला १,६०० तासांचा. जुलै २०२२ च्या निकषांनुसार स्प्लिट एसीला तीन स्टारसाठी किमान ३.८ आणि पाच स्टारसाठी किमान ५ हा आकडा गाठावा लागायचा. म्हणजे तेवढ्याच गारव्यासाठी तीन स्टारवाल्याने १०० युनिट खाल्ले, तर पाच स्टारवाला ७६ मध्ये भागवणार. वर आपल्याकडे विजेचे स्लॅब आहेत. जितके जास्त युनिट, तितका वरच्या युनिटचा दर चढा. म्हणजे वाचलेले युनिट हे बिलातले सगळ्यात महागडे युनिट असतात!

निकष अधूनमधून कडक होतात. २०२२ मध्ये झाले, जानेवारी २०२६ पासून पुन्हा झाले. त्यामुळे कालचा पाच स्टार आज चार स्टार ठरू शकतो. स्टिकरवर लेबलचा कालावधी छापलेला असतो, तो बघितल्याशिवाय 'स्टॉक क्लिअरन्स'च्या मोहात पडू नका.

इथपर्यंत सगळं छान. कंपनीचा एसी प्रयोगशाळेत तपासला जातो, बीईई बाजारातून नमुने उचलून फेरतपासणीही करते. पण हे स्टार मिळतात यंत्राला. तुमच्या भिंतीवरच्या फिटिंगला नाही!

पंधरा मिनिटांची चोरी

स्प्लिट एसी कारखान्यातून अर्धवटच येतो असं म्हणा ना. आतलं युनिट वेगळं, बाहेरचं वेगळं. त्यांना जोडणारा पाइप आपल्या घरी लागतो. त्या पाइपमध्ये सुरुवातीला काय असतं? साधी हवा आणि हवेतली वाफ. मुंबईच्या दमट हवेत तर विचारूच नका. गॅस सोडण्याआधी ही हवा व्हॅक्यूम पंप लावून ओढून काढायची असते. पंप पंधरा-वीस मिनिटं चालवून गेजवर व्हॅक्यूम टिकतंय का, हे बघायचं असतं.

हवा आत राहिली तर काय? ही हवा गॅससारखी द्रवरूप होत नाही, नुसती जागा अडवते. कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो, मीटर जोरात पळतो. आणि ओलावा राहिला तर तो तेलात मिसळून आम्ल तयार होतं, ते कॉम्प्रेसरला आतून खातं. खोली पहिल्या दिवशी गार होतेच, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. दुखणं कळतं दोन-तीन उन्हाळ्यांनी.

मग पंप का लावत नाहीत? अनेकदा फिटरला पैसे मिळतात ते बसवलेल्या एसीमागे. मे महिन्यात दिवसाची यादी लांबलचक. पंप जड, मजला चौथा, लिफ्ट बंद. मग 'होऊन जाईल साहेब' म्हणत थोडा गॅस सोडून त्यानेच हवा ढकलून द्यायची, हा शॉर्टकट. त्यात आपल्या एसीतलाच गॅस कमी होतो, आणि तो वातावरणात जातो. आजच्या बऱ्याच एसींमध्ये असलेला आर-३२ हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापमानवाढ करणारा आहे. शिवाय थोडासा ज्वलनशीलही!

आणि फिटरची स्वतःची गोष्ट? हा मुलगा चौथ्या मजल्याच्या छज्जावर, कमरेला पट्टा न बांधता आउटडोअर युनिट धरून उभा असतो. त्याच्या घाईची किंमत आपण बिलात मोजतो, तो जिवावर मोजतो.

चलो कॅलिफोर्निया

आता जरा सातासमुद्रापार जाऊ. बे एरियात घर घेतलेला एखादा मित्र असेल तर त्याला 'परमिट' हा शब्द विचारून बघा. तिथे घरात सेंट्रल एसी किंवा हीट पंप बदलायचा तरी स्थानिक बिल्डिंग विभागाचं परमिट लागतं. (हीट पंप म्हणजे आपला एसीच, थंडीत उलटा चालून घर गरम करणारा.) काम करणाऱ्याकडे त्या कामाचं लायसन्स हवं, आणि गॅस हाताळायला केंद्र सरकारच्या नियमानुसार वेगळं प्रमाणपत्र. काम झालं की तपासणी होते, सगळं ठीक असेल तरच परमिट 'बंद' होतं.

कागदावर एकदम झक्कास! प्रत्यक्षात? २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा बचतीच्या दीर्घकालीन आराखड्यात सरळ कबुली होती. परमिट काढून होणारी कामं १० टक्क्यांहून कमी, आणि नव्या सेंट्रल एसींपैकी ३० ते ५० टक्के नीट बसवलेलेच नाहीत. म्हणजे 'चलता है' हा फक्त आपलाच पेटंट नाही तर!

तिथल्या वीज कंपन्या काटकसरी यंत्रं घेणाऱ्यांना रिबेट देतात. हा पैसा शेवटी सगळ्या ग्राहकांच्या बिलातूनच येतो. मग यंत्र वाईट बसवलं, तर शेजाऱ्यांनी तुमच्या नसलेल्या बचतीचे पैसे का भरायचे? या प्रश्नावर २०१६ मध्ये सिनेटर लोइस वोल्क यांचं 'एसबी १४१४' हे विधेयक कायदा झालं. सेंट्रल एसी किंवा हीट पंपवर रिबेट हवं असेल, तर आधी परमिट बंद झाल्याचा पुरावा दाखवा, मग पैसे घ्या. फंडा सिंपल आहे... नुसता इन्स्पेक्टर मागे लावण्याऐवजी ग्राहकालाच नीट फिटिंगची गरज वाटली पाहिजे.

यात भोक नाही असं नाही. ज्याला रिबेटच नको, त्याला हा नियम अडवत नाही. परमिटला पैसे आणि वेळ लागतो, म्हणून 'कॅशमध्ये करून टाकू' म्हणणारे तिथेही आहेतच. पण सवलत यंत्राला नाही, नीट बसवलेल्या यंत्राला मिळेल, हे तरी कायद्यात आलं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही सवलती आहेत, पण सगळ्या खोक्यावर. दिल्लीत बीएसईएसच्या कंपन्यांनी जुना एसी देऊन नवा सवलतीत घेण्याच्या योजना राबवल्या. २०१९ मध्ये सरकारी ईईएसएल कंपनीने तिथेच ५.४ आयएसईईआरचा एसी आणला, तेव्हा पाच स्टारला ४.५ पुरायचे. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने विजेची मागणी आटोक्यात ठेवण्याच्या योजनांसाठी २०१० मध्येच नियम केले. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मस्त! पण ही कपात एक स्टारला तेवढीच, पाच स्टारलाही तेवढीच.

वायरमनला परवाना लागतो. एसी बसवणाऱ्यासाठी मात्र आपल्याकडे वेगळा सक्तीचा परवाना नाही. मार्च २०१९ च्या 'इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन'मध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. दिशा बरोबर आहे. पण प्रमाणपत्रवाल्याला जास्त पैसे मिळाले नाहीत, तर तो तरी घाई का करणार नाही?

म्हणून वाटतं, सवलतीचा एक हिस्सा फिटिंगचा रिपोर्ट आल्यावर द्या. व्हॅक्यूम गेजचा फोटो, गळती तपासल्याची नोंद, फिटरचा प्रमाणपत्र क्रमांक... बस्स, एवढंच. नव्या कागदाने नवी चिरीमिरी सुरू होईल, अशी भीती आहेच. पण आज तर काहीच विचारलं जात नाही. निदान फिटरला पंप वर न्यायचे पैसे तरी मिळतील!

फिटिंगच्या दिवशी हे बघा

* ''दादा, व्हॅक्यूम पंप आणलाय ना?'' हा पहिला प्रश्न. शक्यतो बुकिंग करतानाच विचारा.
* पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघायला सांगा.
* दोन्ही पाइपांवर इन्सुलेशन हवं, मधे उघडं तांबं नको.
* आउटडोअरला मोकळी हवा हवी. ग्रिलच्या कोपऱ्यात कोंबलं तर पाच स्टारही धापा टाकतात.
* पाण्याच्या पाइपला बाहेरच्या बाजूला ढाळ हवा.
* स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग मस्ट.
* बाहेर उभं राहायचं असेल तर सेफ्टी बेल्ट. नसेल तर काम थांबवा. सोसायटीनेच एक बेल्ट घेऊन ठेवायला काय हरकत आहे?

आणि हो, जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी चालू होतानाच २४ अंशांवर येतात. ते १८ वर नेऊ नका. एक अंश वाढवला तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असं बीईई सांगते. यासाठी ना रिबेट लागतं, ना परमिट. फक्त रिमोट शेजारच्याच्या हातात जाऊ देऊ नका!