दोन घरच्या पाहुण्या

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपण मराठी माणसे थोडी अवघडतो. बाई मोठ्या होत्या, हे कुणी नाकारीत नाही. १९८९ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीटही निघाले. पण कौतुकाचे वाक्य पुरे व्हायच्या आत एक ‘पण’ येऊन दारात उभा राहतो. ‘पण त्या ख्रिस्ती झाल्या!’

मी कॉलेजात मराठी शिकवते. एकोणिसाव्या शतकातले गद्य शिकवताना रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त आले की हा ‘पण’ दरवर्षी वर्गात हजर असतो. हजेरीपटावर त्याचे नाव नसले तरी. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने सरळच विचारले, “मॅडम, त्यांनी धर्म बदलला नसता, तर त्यांच्या हातून याहून मोठे काम झाले नसते का?”

प्रश्न प्रामाणिक होता. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो आहे. म्हणून आपण एक सोयीची युक्ती काढली आहे. तांदळातला खडा बाजूला काढावा तसा बाईंचा ख्रिस्त आपण अलगद बाजूला काढतो आणि उरलेल्या समाजसुधारक बाईंना नमस्कार करतो. मी स्वतः ख्रिस्ती नाही. कोणाचा कैवार घेण्याचे मला कारण नाही. पण त्यांची पत्रे आणि लेखन वाचून माझी खात्री झाली आहे की, हा खडा नाहीच मुळी. त्यांच्या कामातला दाणाच तो आहे. तो काढला तर हातात टरफल राहते.

विरोध बाईंना जन्माबरोबरच मिळाला, असे म्हटले तरी चालेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. शास्त्रीबोवांनी शास्त्राधार काढून दाखवले आणि बिऱ्हाड उचलून गंगामूळच्या रानात नेले. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. पुढे दुष्काळात आईबाप आणि बहीण गेली. भावाबरोबर पायी देश पालथा घालीत त्या कलकत्त्याला पोचल्या आणि ‘पंडिता’ झाल्या. भाऊ गेला, बंगाली पती बिपिनबिहारी मेधावी लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पटकीने गेले. १८८२ साली चोवीस वर्षांची ही विधवा लहानग्या मनोरमेला घेऊन पुण्यात आली, तेव्हा तिच्या पदरी दुःख आणि संस्कृत यांखेरीज काही नव्हते.

पुढच्या वर्षी त्या विलायतेला गेल्या. शिकायचे होते वैद्यक. पण कानांनी दगा दिला, बहिरेपण वाढत गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात काय गहजब झाला, ते सांगायला नकोच.

मला अधिक रस आहे तो त्यानंतरच्या गोष्टीत. बाप्तिस्मा देणाऱ्यांना वाटले, पंडिता आपल्या झाल्या. पंडिता कसल्या कोणाच्या होतात! चेल्टनहॅमला त्या शिकत होत्या, शिकवतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांचा सल्ला घेण्यात आला आणि बिशपसाहेबांनी नापसंती कळवली. ज्या बाईने कलकत्त्यातल्या पंडितांच्या सभेत शास्त्रार्थ केला, तिला हे कसे रुचावे? त्यांनी स्वच्छ कळवले की, एका पुरोहितवर्गाचे जू महाप्रयासाने मानेवरून उतरवले आहे, ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी सिस्टर जेराल्डीन आणि मिस बील या दोघींशी पत्रांतून जो वाद घातला आहे, तो वाचताना उडुपीच्या सभेत उभे असलेले अनंतशास्त्री आठवतात. सिस्टरबाईंनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. आमच्या बाई विचारतात, संस्कृत का नको? लॅटिन तेवढी देवाची भाषा आणि संस्कृत काय परक्याची? आणि जेवणात शेवटपर्यंत अंडे नाही की मांस नाही. सिस्टर जेराल्डीन यांना या सगळ्यात अहंकार दिसला. तसे मानणारे तिथे आणखीही होते.

दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. इकडच्या घराने धर्मबुडवी म्हटले, तिकडच्या घराने हट्टी आणि गर्विष्ठ म्हटले. एखादीने कंटाळून एका घराचे पाट-पाणी कायमचे धरले असते.

१८८६ मध्ये बाई अमेरिकेला गेल्या. तिथल्या लोकांनी बोस्टनला रमाबाई असोसिएशन काढून दहा वर्षे पैसा पुरवायचे कबूल केले. अट एकच, शाळेत धर्मप्रचार करायचा नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. विधवांना शिकवणारी, त्यांचे केस राखू देणारी, जातीच्या चालीरीती पाळू देणारी शाळा! रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात बसली. त्यांच्या शब्दावर विसंबून लोकांनी मुली पाठवल्या.

आणि इथेच खरी गाठ पडली. बाईंनी १९०७ च्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षे लागली. आठ वर्षे म्हणजे १८९१ च्या आसपास. म्हणजे ज्या वेळी धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन त्यांच्या डोक्यावर होते, नेमक्या त्याच वेळी त्यांची श्रद्धा बुद्धीतून उतरून काळजात आली. त्या आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करीत. दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. कोणी बोलावले नव्हते आणि कोणी हाकललेही नाही.

यावर १८९३ साली जो वणवा पेटला, त्यात ‘केसरी’ने भरपूर तेल ओतले. रानडे, भांडारकर आणि त्यांचे सहकारी मंडळातून बाहेर पडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकरांना दोष देणे सोपे आहे, पण मला ते न्याय्य वाटत नाही. त्यांनी समाजापुढे हमी घेतली होती. ती डळमळल्यावर त्यांनी काय करावे? पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही, तेव्हा भीती अगदीच निराधार नव्हती. उलट हेही खरे की, सदनातलीच गोदूबाई हिंदू राहिली आणि त्याच १८९३ च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. कर्व्यांनी तीन वर्षांनी स्वतःचा विधवाश्रम काढला, त्याच्यामागे सदनाचे उदाहरण नव्हते असे कोण म्हणेल?

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला या ठिकाणी द्यावेसे वाटते. बाईंना दार लावून घेता आले असते. एक कडी सरकवायची, बस्स! मंडळ टिकले असते, मुली राहिल्या असत्या, पुण्यात पालखी निघाली असती. पण त्या विधवांना त्या शिकवीत काय होत्या? आपल्या मनाला जे खरे वाटते ते लपवून लोकांच्या मर्जीने जगू नका, हेच ना? मग शिकवणारीनेच कडी लावून देवाचे नाव घ्यायचे? ज्या बाईने आयुष्यात एकही दार लोकांच्या भीतीने लावले नाही, तिच्या हातून ते झाले नाही. श्रद्धेपायी कामाचे नुकसान झाले, हे मान्य आहे. पण ती श्रद्धा नसती तर पुढच्या चार वर्षांत जे झाले, ते झाले असते असे मला वाटत नाही.

कारण १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईचे आईबाप आणि बहीण दुष्काळाने नेले, ती घरात कशी बसेल? बाई तिकडे गेल्या आणि हाडाचे सापळे झालेल्या पोरी आणि बायका घेऊन आल्या, एका हंगामात शेकड्यांनी. पुण्यात तेव्हा प्लेग; इतकी माणसे शहरात ठेवायला मनाई. जवळच्या फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी म्हणून केडगावला जमीन घेऊन ठेवलेली होती. तिथे झोपड्या उठल्या आणि ‘मुक्ती’ सुरू झाली. याच सुमारास सदनातल्या एका मुलीचे प्लेगच्या इस्पितळात झालेले हाल बाईंनी ‘बाँबे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर आणले. पत्र पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नरांनी आरोप नाकारले. बाईंनी शब्द मागे घेतला नाही. ख्रिस्ती झाल्या म्हणजे सरकारच्या झाल्या, असे मानणाऱ्यांनी हे पत्र वाचले होते की नाही कोण जाणे.

१८९८ ला अमेरिकेची दहा वर्षे संपली. तेव्हा बाईंनी काम उघड उघड ख्रिस्ती केले. आता आडपडदा नाही, ज्याला यायचे त्याने समजून यावे. १९०० च्या सुमारास मुक्तीत दोन हजारांच्या आसपास बायकामुली होत्या. आंधळ्यांना ब्रेल शिकवत. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन होते. माग, तेलघाणा, गोठा, शेती आणि एक छापखाना.

त्या छापखान्याविषयी मी सांगणार नाही तर कोण सांगणार? माझा विषय मराठी. बायबल मराठीत यायला तोवर शंभर वर्षे होत आली होती; विल्यम केरीचा मराठी नवा करार १८११ चा. पण मुक्तीतल्या बायकांना ते वाचून दाखवताना बाईंच्या लक्षात आले की, ही भाषा यांच्या डोक्यावरून जाते. शिवाय काही शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचा वास आहे, मूळ अर्थ त्यात सांडतो. मग स्वतः मूळ भाषांतून आणायचे ठरवले. वय पंचेचाळिशीच्या पुढे, कानांनी ऐकू येईनासे झालेले, शेकडो तोंडांना अन्न पुरवायचे, आणि बाई हिब्रू आणि ग्रीक शिकू लागल्या.

गंमत पाहा. यांचे पहिले पुस्तक ‘स्त्रीधर्मनीति’, १८८२ चे. संस्कृतप्रचुर, जड मराठी. शेवटचे पुस्तक ज्यांना अक्षर येऊन चार दिवस झालेत अशा बायकांसाठी. पंडिताबाईंनी आपले पांडित्य खर्ची घातले ते पांडित्य उतरवून ठेवण्यासाठी. ते साधले का? पुरते नाही, असे माझे मत आहे. मुळाशी शब्दाला शब्द लावण्याच्या आग्रहामुळे वाक्य जागोजागी ताठरते. बोलीचा झोक त्यात लक्ष्मीबाई टिळकांसारखा नाही. पण लक्ष्मीबाई आठवण सांगत होत्या आणि रमाबाईंची श्रद्धा अशी की, देवाच्या शब्दात आपल्या पदरचे मीठही घालायचे नाही.

हे काम सतरा-अठरा वर्षे चालले. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका. छपाई त्यांची, बांधणीही त्यांचीच. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींनी शिशाची अक्षरे हातात घेतली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. पोटची एकुलती एक मुलगी आणि कामाची वारस. बाईंनी प्रुफे तपासणे थांबवले नाही. शेवटच्या दुखण्यात, एवढे संपेपर्यंत दहा दिवस दे असे त्यांनी देवाजवळ मागितले, असे सांगतात. शेवटचे प्रुफ हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या.

पुस्तक १९२४ साली बाहेर पडले. मराठी चर्चमध्ये आजही रविवारी वाचले जाते ते बायबल सोसायटीचे. रमाबाईंचे बायबल तिथे रुळले नाही आणि मराठी वाङ्मयाच्या तासालाही ते कोणी काढीत नाही. ख्रिस्ती मंडळींना ते पंडितांचे, आम्हा मराठीवाल्यांना ते ख्रिस्त्यांचे. केडगावची मुक्ती मात्र चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वाटेत स्टेशन लागते. यंदाच्या सहामाहीनंतर त्या मुलीला आणि तिच्या वर्गाला घेऊन जायचे ठरवले आहे. तिने अजून प्रश्न मागे घेतलेला नाही.