सेफ्टीत करिअर करायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

परवा कोल्हारच्या माझ्या दुकानात बी.कॉम. झालेला एक मुलगा आला. म्हणाला, "सर, नोकरी सोडतो. तीन महिन्यांचा कोर्स करून कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो." मी विचारलं, "नियम वाचलेस का?" वाचले नव्हते.

महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांत पात्रता स्पष्ट आहे. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर कारखान्यात सुपरवायझर म्हणून २ वर्षं अनुभव. इंजिनिअरिंग डिप्लोमा किंवा फिजिक्स-केमिस्ट्रीची पदवी असेल तर ५ वर्षं. शिवाय सरकारमान्य इंडस्ट्रियल सेफ्टी डिप्लोमा. म्हणजे साखर कारखान्यात ५ वर्षं सुपरवायझर असलेला डिप्लोमावाला लाईन बदलू शकतो. बी.कॉम.ला नुसत्या सर्टिफिकेटवर ती खुर्ची नाही. मी बीबीए, मलाही नाही!

पण धंद्याचं दार उघडंच आहे. हेल्मेट, हातमोजे, सेफ्टी शूज वर्कशॉपला लागतात, बांधकामावर लागतात. आयएसआय मार्कचा माल ठेवा, वापरायचा कसा तेही दाखवा. आधी दहा गिऱ्हाइकांना विचारा, मगच माल भरा.

त्या मुलानं फी अजून भरलेली नाही. "आधी लोणी-बाभळेश्वरच्या वर्कशॉपला फिरून येतो," म्हणाला. तुम्ही कुठून सुरुवात करताय?