गाय विऊन किती दिवस झाले?

तीनदा रेतन करूनही गाय उलटली की डॉक्टरांकडे मागणी होते ती पिशवी धुण्याची. गर्भाशयात प्रतिजैविक सोडलं जातं आणि सगळे पुढच्या माजाची वाट बघतात. या घाईत गाय विऊन किती दिवस झाले हे विचारायचं राहून जातं. खरं निदान तिथूनच सुरू होतं, कारण एकाच लक्षणाचा अर्थ तारखेनुसार बदलतो. विल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक सगळ्याच गायींच्या गर्भाशयात जंतू शिरतात आणि बऱ्याच गायी त्यांना स्वतःच हुसकावतात. त्या काळातला दुर्गंधी नसलेला लालसर स्राव म्हणजे आजार नव्हे. मात्र स्राव पाण्यासारखा, तांबूस-तपकिरी, कुजक्या वासाचा असेल, ताप ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला असेल आणि गाय चारा टाकत असेल, तर तो तीव्र गर्भाशयदाह. जार अडकलेल्या गायीला त्याचा धोका जास्त, आणि तिथे वाट बघून चालत नाही.

एकवीस दिवसांनंतर चित्र पालटतं. ताप नसतो, गाय खाते-पिते, खूण उरते ती फक्त पुवाची. पण शेपूट स्वच्छ आहे म्हणून गाय निरोगी ठरत नाही. पू योनीच्या तळाशी साचून राहू शकतो. बाहेरचा भाग धुऊन, हातमोजा घालून स्राव बाहेर काढून पाहावा लागतो. गुदमार्गातून चाचपणारा अनुभवी हात पुरेसा नाही का? गाभण गाय ओळखायला तो उत्तमच, पण अस्तराची सौम्य सूज बोटांना कळत नाही. काही गायींत तर पूही नसतो आणि दाह असतो. तो दिसतो बारीक ब्रशने घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्यावरच. मार्टिन शेल्डन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलेल्या व्याख्येतही तारीख आहेच : २१ ते ३३ दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी १८ टक्क्यांहून जास्त, तर ३४ ते ४७ दिवसांत १० टक्क्यांहून जास्त असल्या तर दाह.

चार गायींच्या गोठ्याला हे कसं परवडणार, हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक गायीला ब्रश लावा असं कोणीच म्हणत नाही. माजाचा सोट आणि तेवढंच पाच टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण परीक्षानळीत उकळलं, तर पिवळा रंग दाहाकडे बोट दाखवतो. जितका गडद, तितका दाह जास्त. अंदाजाने सोडलेल्या प्रतिजैविकाचाही खर्च असतोच, शिवाय अंश असेपर्यंत दूध विकता येत नाही. आणि गाय उलटण्याची सगळी कारणं गर्भाशयात नसतात. माज ओळखण्यात झालेली चूक किंवा चुकलेली रेतनाची वेळ औषधाने सुधारत नाही.

निदानाची सर्वात मोठी गरज मात्र माजावरच न येणाऱ्या गायीत भासते. गर्भाशय पुवाने भरलेलं असतं, अंडाशयातला पीतपिंड टिकून राहतो आणि मालक गाय गाभण समजून निश्चिंत असतो. प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनाने पीतपिंड विरतो, गाय माजावर येते आणि पू बाहेर पडतो. तेच इंजेक्शन खरोखर गाभण असलेल्या गायीला दिलं, तर ती गाभडते.