काजळी पकडणारी वीज
(उच्च वारंवारतेचा वीजसंच म्हणजे काय?)



गेल्या हंगामात फेब्रुवारी अखेरीस जवळा बाजार भागातील एक वयस्कर सभासद आमच्याकडे आले. धोतराच्या सोग्यात बांधून आणलेली मूठभर हळकुंडे त्यांनी टेबलावर ठेवली. शिजवून पटांगणात वाळत घातलेली हळद, आणि तिच्यावर काळे कण चिकटलेले. म्हणाले, "साहेब, ऊस बी आमचाच आन् काजळी बी आमच्याच हळदीवर. धुराड्याला ते विजेचं यंत्र बसवलं तर हे थांबतंय का, तेवढं सांगा."

आम्ही म्हणालो, "आबा, पुष्कळसं थांबतं. पण सगळंच काही त्या यंत्राच्या हाती नाही." एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, आणि होणारही नव्हते. आमचे काम उसाचे, विजेचे नव्हे. म्हणून विद्युत विभागातील जाणकारांकडून समजून घेतले, दुसऱ्या जिल्ह्यातील एका कारखान्यावर जाऊन यंत्र पाहिले, आणि जे कळले ते येथे मांडत आहोत.

काजळी येते कोठून?

एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणीच असते. हा ओलसर बगॅस बॉयलरमध्ये जळतो तेव्हा काही राख खाली पडते, आणि बारीक राख व अर्धवट जळालेले कण धुराबरोबर वर जातात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या अधिसूचनेप्रमाणे साखर कारखान्याच्या धुराड्यातून दर घनमीटर धुरामागे १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ बाहेर पडता कामा नये. ही धूळ अडविण्यासाठी कोठे पाण्याचे फवारे असतात, तर कोठे विजेवर चालणारा धूळसंग्राहक. त्यालाच कारखान्यात 'ईएसपी' म्हणतात.

याचे तत्त्व घरोघरी ठाऊक आहे. कोरड्या केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसेच हे. एका मोठ्या पेटाऱ्यात लोखंडी पत्रे उभे टांगलेले असतात. दोन पत्र्यांत दीड-दोन वीत अंतर, आणि मधोमध तारा. तारांना जबरदस्त दाबाची वीज दिली की जाणाऱ्या धुरातल्या कणांवर विद्युतभार बसतो व ते पत्र्याकडे ओढले जाऊन चिकटतात. ठरावीक वेळाने पत्र्यावर हातोडे पडतात आणि राख खालच्या नरसाळ्यात उतरते. अमेरिकेतील फ्रेडरिक कॉट्रेल यांना या युक्तीचे पेटंट १९०८ साली मिळाले. म्हणजे युक्ती जुनीच आहे. नवे आहे ते तिला वीज पुरविणारे साधन.

मोट आणि रहाट

आपल्या घरात २३० व्होल्ट वीज येते. शिवारातल्या डीपीवर येणारी लाईन ११ हजार व्होल्टची. ईएसपीच्या तारांना मात्र ४० ते ७० हजार व्होल्ट लागतात, आणि तेही एकाच दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे डीसी विजेचे.

जुन्या पद्धतीत कारखान्यातील ४१५ व्होल्टची वीज एका मोठ्या, तेलाने भरलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून चढवतात व मग रेक्टिफायरने डीसी करतात. आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते. तिची डीसी केली की सेकंदाला १०० उंचवटे आणि १०० खड्डे असलेली वीज मिळते. उंचवट्यावर दाब इतका चढतो की तार व पत्रा यांत ठिणगी उडते. ठिणगी उडू नये म्हणून एकंदर दाब खालीच ठेवावा लागतो. खड्ड्याच्या वेळी तर धूळ पकडण्याचा जोरच कमी पडतो.

ज्यांनी मोट आणि रहाट दोन्ही पाहिले आहेत त्यांना फरक लगेच समजेल. मोट मोठी. एका खेपेला भरपूर पाणी आणते, पण पाटात पाणी येते ते लोंढ्यालोंढ्याने. रहाटाची गाडगी लहान, पण एकामागून एक येत राहतात, आणि पाटाची धार तुटत नाही. जुना संच म्हणजे मोट, नवा संच म्हणजे रहाट.

नव्या संचात आधी तिन्ही फेजची वीज घेऊन तिची डीसी करतात. मग आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच तिचे सेकंदाला २० हजार ते ५० हजार वेळा तुकडे पाडतात. ही वेगवान वीज ट्रान्सफॉर्मरमधून चढवून पुन्हा डीसी करतात. प्रत्येक खेपेला थोडीच ऊर्जा न्यायची असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा गाभा व तांबे कमी लागते. गाडगे लहान चालते, तसेच हे. त्यामुळे सगळा संच एका पेटीत मावतो. आम्ही पाहिला तो ईएसपीच्या छतावरच बसवला होता. शेजारचा जुना संच त्याच्यापुढे पाण्याच्या टाकीएवढा वाटत होता.

फायदा काय, मर्यादा काय?

वीज सपाट मिळते, म्हणून ठिणगीच्या मर्यादेला अगदी लागून सरासरी दाब ठेवता येतो आणि धूळ जास्त पकडली जाते. पेटाऱ्याच्या पहिल्या खणात धूर दाट असतो, तेथे हा गुण विशेष कामाला येतो. दुसरे म्हणजे, ठिणगी उडालीच तर जुन्या संचातला स्विच प्रवाह आपणहून शून्यावर येईपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत, बंद होत नाही. नवा संच काही लक्षांश सेकंदात वीज तोडतो व लगेच पूर्ववत करतो. तिसरे, तिन्ही फेजवर भार सारखा पडतो.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुना ट्रान्सफॉर्मर दणकट. तेल बदलले, वाइंडिंग केले की पुन्हा उभा. नव्या संचातील इलेक्ट्रॉनिक कार्ड उष्णता व धूळ सहन करीत नाही. आपल्याकडे मार्च-एप्रिलचे ऊन कसे असते ते सांगायला नको. थंडावा देणारा पंखा बंद पडला तर संचही बंद. शिवाय पत्रे वाकडे असतील, हातोडे पडत नसतील, पेटाऱ्यात फटींतून हवा शिरत असेल, तर कितीही चांगली वीज देऊन उपयोग नाही.

आणि बगॅसच्या राखेची स्वतःची एक खोड आहे. अर्धवट जळालेला कोळशाचा कण पत्र्याला टेकला की लगेच आपला भार सोडून देतो. मग पत्रा त्याला धरून ठेवत नाही आणि तो पुन्हा धुरात उडतो. असे धगधगते कण नरसाळ्यात साचले तर आगही लागते. म्हणजे बगॅस नीट जळणे ही पहिली गरज.

आपल्या हाती काय?

येथे विषय विजेकडून आमच्या शेतकी खात्याकडे येतो. चिखल-मातीचा ऊस आला की बगॅसबरोबर माती बॉयलरमध्ये जाते, जाळ मंदावतो आणि राख वाढते. म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा, पण मुळ्या व माती झटकून. वाढे आणि पाचट मोळीत येऊ देऊ नये. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. तोडणीनंतर पाचट पेटवले की त्याचीही काजळी उडते, आणि तिला कोणताच ईएसपी अडवीत नाही. पाचटाची काजळी लांबट, पातळ, पापुद्र्यासारखी असते. धुराड्याची बारीक व खरखरीत. आबांच्या हळकुंडांवर आम्ही भिंग धरून पाहिले, तर दोन्ही होत्या. त्यांनाही दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "बांधाच्या पल्याडचं पाचट मीच पेटवलं होतं." त्यामुळे कारखान्याची जबाबदारी कमी होत नाही. पण पाचट सरीत कुजवले तर जमिनीला सेंद्रिय खत मिळते, ओल टिकते, आणि शेजाऱ्याची हळद-कापूस स्वच्छ राहतो.

अशा संचाचा खर्च शेवटी सभासदांच्याच पैशातून होतो. म्हणून हा विषय सभेपुढे येईल तेव्हा चार प्रश्न जरूर विचारावेत. पत्रे व हातोडे आधी दुरुस्त होणार का? सुटे कार्ड कारखान्यात शिल्लक राहणार का, आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीला माणूस किती तासांत येणार? धुराड्याच्या धुळीचे मोजमाप सभासदांना पाहायला मिळणार का? आणि यंत्र रात्रीही चालू राहणार का? उत्तरे लेखी घ्यावीत.

पुढच्या हंगामात आबांच्या पटांगणात हळद वाळत पडेल तेव्हा आम्ही पुन्हा भिंग घेऊन जाणार आहोत. काय दिसले ते याच पानावर कळवू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग