पितळी नॉबवर ओरखडा राहिला, तर दोष कोणाचा?

'शिकलगार' हा शब्द मूळच्या 'सैकलगर'चा. अर्थ झिलई देणारा. हत्यारांना धार व झिलई देणारी मिरजेची शिकलगार मंडळी पुढे सतारी-तंबोरे घडविण्यात नावाजली. हत्यारे मागे पडली, पण झिलईचे काम काही संपले नाही. कपाटाचे नॉब, दाराच्या मुठी, पडद्याच्या दांड्यांची टोके असे लेथवर निघणारे लहान पितळी नग आजही चकाकीवरच विकले जातात आणि ओरखड्यामुळेच परत येतात.

माल परत आला की टर्नर म्हणतो, बफिंगवाल्याने बिघडवला. बफिंगवाला म्हणतो, नगच खराब आला. मजुरी मात्र बहुधा शेवटच्या माणसाची कापली जाते. आमचे म्हणणे असे की, ओरखडा बफवर जात नाही. तो त्याआधीच जायला हवा. बफ केवळ वरचा पातळ पापुद्रा काढते. खोल चरा घालवण्यासाठी नग चाकावर दाबला की तो तापतो, कडा गोल होतात, भोकांभोवती खळगे पडतात आणि चरा तरीही दिसतोच.

म्हणून सुरुवात लेथपासून करावी. शेवटचा काप धारदार टूलने, अगदी पातळ व सावकाश घ्यावा. मग २४०, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे पेपर क्रमाने वापरावेत. मधला नंबर गाळला तर वेळ वाचत नाही, कारण जाड पेपरचे चरे बारीक पेपरने निघत नाहीत. लेथ फिरत असताना चरे गोलाकार पडतात. म्हणून प्रत्येक नंबरच्या शेवटी लेथ थांबवून लांबीच्या दिशेने घासावे. गोल चरे दिसेनासे झाले, तरच पुढचा नंबर घ्यावा. दर वेळी नग केरोसीनने पुसावा. जाड पेपरचा एकच कण पुढची मेहनत वाया घालवतो. फिरत्या नगाला पेपर गुंडाळू नये, हातमोजे वा चिंध्या जवळ आणू नयेत. बोट आत ओढले जाते.

बफिंगला दोन चाके हवीत. शिवलेल्या कापडी चाकावर तपकिरी ट्रिपोली, तर मऊ, सैल चाकावर बारीक पांढरा मसाला. एकाचा मसाला दुसऱ्यावर लावू नये. ८ इंची चाक मिनिटाला २८०० फेऱ्यांनी फिरले, तर त्याच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे ५,९०० फूट होतो. नग नेहमी चाकाच्या मध्याखाली धरावा. वरची कड चाकात अडकली, तर नग हातातून सुटून गोळीसारखा उडतो.

प्रकृतीचीही गोष्ट आहे. ट्रिपोलीत सिलिका असते. तिची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. लेथवर सोपे कापले जाणाऱ्या पितळेत सुमारे ३ टक्के शिसे असते. चाकाजवळ धूळ ओढणारा पंखा लावावा. तोंडावर बांधलेला रुमाल पुरत नाही. धुळीचा चांगला मास्क वापरावा. हात धुतल्याशिवाय जेवू नये आणि कामाचे कपडे घरी मुलांपर्यंत नेऊ नयेत.

मजुरीच्या वादावर आमची एक साधी सूचना आहे. नग बफिंगला देताना टर्नर व बफिंगवाल्याने मिळून तो तिरप्या उजेडात फिरवून पाहावा. चरा दिसला तर तो तेव्हाच परत जावा. दोघांनी पसंत केलेला एक नग नमुना म्हणून कारखान्यात ठेवावा. बफिंगआधी केलेली तपासणी काही सेकंदांची असते. लॅकर चढल्यावर निघालेला ओरखडा मात्र काढायचा तर लॅकर उतरवून सारे काम पहिल्यापासून करावे लागते.