गेममधल्या जवानाची वर्दी प्लॅस्टिकची का वाटते? आणि त्यात तुमचा धंदा कुठे आहे?

नगरकरांना सैन्याचे कपडे नवीन नाहीत. आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल आपल्याकडे, कॅव्हलरी टँक म्युझियम आपल्याकडे. रणगाड्यावरच्या जवानाची काळी डांगरी आपण लहानपणापासून बघतोय. आता मोबाइलवरचा एखादा युद्धाचा गेम उघडा. बंदूक खरी वाटते, चेहराही बरा असतो, पण वर्दी? रेनकोटासारखी चकाकते!

ही चूक म्हणजेच संधी. गेम आता इथेही बनतात. गलवानवरचा ‘फौजी’ 26 जानेवारी 2021 ला बेंगळुरूच्या कंपनीने आणला. ‘इंडस’ हा बॅटल रॉयल पुण्याच्या सुपरगेमिंगने 2024 मध्ये आणला. अख्खा गेम एकट्याने बनवणं अवघड. पण गेमला लागणारं ‘कापड’ बनवून विकता येतं. त्याला मटेरियल म्हणतात.

कापड खरं कसं दिसतं?

कापड बाजारातून जाड सुती ड्रिलचा एक मीटर तुकडा आणा. ढगाळ उजेडात, फ्लॅश न लावता, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. मग ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये चार गोष्टी सांभाळा.

1. बेस कलर: यात फक्त रंग. फोटोतली सावली यात राहिली, तर गेममध्ये उजेड बदलला तरी ती तिथेच चिकटून दिसते.

2. रफनेस: इथेच बहुतेकांचं चुकतं. कोरडं सुती कापड उजेड पसरवतं, म्हणून रफनेस जास्त आणि मेटॅलिक शून्य ठेवा. भिजलेलं कापड गडद होतं आणि चकाकतं, तिथे रफनेस कमी.

3. नॉर्मल मॅप: ड्रिलच्या तिरक्या रेघा यातून उठतात. पट्टी यासाठीच ठेवली होती. वीण मोठी झाली की वर्दीचं गोणपाट होतं!

4. झीज: कोपर, गुडघे, कॉलर आणि शिवणीच्या कडा आधी विटतात. खिशाच्या आत रंग टिकतो. सगळीकडे सारखी धूळ मारू नका.

आता कायद्याचं बघा

भारतीय लष्कराची नवी डिजिटल नक्षीची वर्दी 15 जानेवारी 2022 ला आली. तिची रचना निफ्टच्या मदतीने झाली आणि लष्कराने डिझाइनची नोंदणीही केली आहे. ती नक्षी उचलून विकायला ठेवू नका. छावणीत जाऊन फोटो काढणं तर अजिबात नको. कापड खरं घ्या, नक्षी स्वतःची काढा. स्वतःची नक्षी हाच तुमचा माल.

हिशोब करा, मगच उडी मारा

फॅब या ऑनलाइन बाजारात विक्रेत्याला 88 टक्के मिळतात. समजा, दहा कापडांच्या पॅकची किंमत 1,500 रुपये ठेवली. एका विक्रीचे हातात 1,320 (कर वेगळा). पॅक बनवायला 60 तास लागले आणि चारच विकले गेले, तर मिळाले 5,280. म्हणजे तासाला 88 रुपये! चाळीस विकले गेले, तर तासाला 880. काम तेच, माल तोच. फरक फक्त विक्रीचा.

म्हणून नोकरी सोडून यात पडू नका. आधी एकच कापड करा. उन्हात, सावलीत आणि ओलं असं तीन प्रकारे दाखवा. ते गेम बनवणाऱ्या पाच जणांना पाठवा आणि विचारा, “यात खोटं काय वाटतं?” कौतुक नको, चूक मागा. दोघांनी जरी “असं अजून आहे का?” विचारलं, तर समजा गिऱ्हाईक आहे. मगच उरलेली नऊ करा.

परदेशात बसलेल्या कलाकाराला आपलं ऊन, आपली माती आणि धुऊन धुऊन विटलेली वर्दी इंटरनेटवर शोधावी लागते. तुम्हाला ती घराबाहेर दिसते. हे भांडवल फुकट आहे, वापरा.

या रविवारचा गृहपाठ: एक मीटर कापड, एक पट्टी, एक फोटो. चला, लागा कामाला!