फ्लॅट आपला, मग जमीन कोणाची?

वैरागच्या पंचक्रोशीत गुंठाभर बांधासाठी बार्शीच्या कोर्टात वीस-वीस वर्षे तारखा करणारी माणसे आहेत. सात-बाऱ्यावर नाव कोणाचे, चतुःसीमा काय, हे त्यांना तोंडपाठ असते. पण त्याच घरातला नोकरदार मुलगा सोलापूरला किंवा पुण्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतो, तेव्हा इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे हे विचारतसुद्धा नाही. फरशी पाहतो, लिफ्ट पाहतो, बँकेचा हप्ता पाहतो आणि सही करतो.

आपल्या समाजासाठी हा प्रश्न अधिक गंभीर आहे. गावकुसाबाहेरून शिक्षणाच्या जोरावर बाहेर पडलेल्या कित्येक कुटुंबांची पहिली स्थावर मालमत्ता म्हणजे हा फ्लॅट. भाड्याचे घर पाहायला गेले की आधी आडनाव विचारले जाते. म्हणून माणूस फंडातून पैसे काढतो, बायकोचे दागिने मोडतो, पण स्वतःचे घर घेतो. ते घर खरोखर त्याचे असते काय?

काही वर्षांपूर्वी एक शिक्षक माझ्याकडे फाईल घेऊन आले. पूर्ण रक्कम दिलेली, ताबा घेतलेला. हातात काय, तर स्टॅम्प पेपरवर नोटरीपुढे केलेला करारनामा! दुय्यम निबंधकाकडे नोंदणी नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही. परवानगी दोन मजल्यांची आणि यांचा फ्लॅट तिसऱ्यावर. "वकीलसाहेब, लाईट बिल तर माझ्याच नावावर आहे ना?" त्यांनी विचारले. लाईट बिलाने मालकी सिद्ध होत नाही, हे सांगताना माझीच जीभ जड झाली.

मालकी आणि सुरक्षितता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे आपण समजतो. वास्तविक ते एकच आहेत. ज्या महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसे गेली. इमारत जेमतेम दहा वर्षांची होती. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारी यांच्यावर गुन्हे दाखल झाले. पण गेलेले जीव आणि उभे आयुष्य घालून घेतलेली घरे परत आली नाहीत. पाच वर्षांनी, २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि १७ जण दगावले. ती इमारत तर मुळात अनधिकृतच होती.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. महाडची इमारत पंधरा वर्षे जगलीच नाही. म्हणजे ऑडिटची वाट पाहून चालणार नाही. चौकशी फ्लॅट घेण्यापूर्वीच झाली पाहिजे.

आणि इमारत पडली किंवा पाडावी लागली, तर उरते काय? उरते ती जमीन. ती जर सोसायटीच्या नावावर नसेल, तर रहिवाशांच्या हाती बँकेचे हप्ते तेवढे राहतात. पुन्हा बांधायचे म्हटले तरी जमीनमालकाच्या आणि बिल्डरच्या दारात उभे राहावे लागते. उरलेल्या एफएसआयवर डोळा ठेवून अभिहस्तांतरण टाळणारे बिल्डर काही थोडे नाहीत.

कायदा आपल्या बाजूला आहे. १९६३ च्या मोफा कायद्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून ४ महिन्यांत बिल्डरने जमिनीसह इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची आहे. तो टाळत असेल, तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग दिला आहे. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. बिल्डरची सही लागत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्यास मनाई केली, आणि ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करावा, असे बंधन घातले. परंतु जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका ८ पेक्षा जास्त नसतील, तर रेराची नोंदणी सक्तीची नाही. नगरपंचायत झालेल्या वैरागसारख्या गावात उभ्या राहणाऱ्या इमारती बहुधा एवढ्याच असतात. म्हणून लहान गावातल्या माणसाने दुप्पट सावध राहिले पाहिजे.

तेव्हा विसार देण्यापूर्वी पाच कागद मागा: जमिनीचा सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, बिगरशेती परवानगी, मंजूर नकाशा, आरसीसी सल्लागाराचे प्रमाणपत्र आणि तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. मंजूर नकाशात आपला मजला आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कागद मागितल्यावर जो रागावतो, त्याच्याकडे घर घेऊ नका.

जे आधीच राहतात त्यांनी पिलरला गेलेले तडे आणि गंजून उघड्या पडलेल्या सळ्या रंगाखाली झाकू नयेत. अग्निशमन यंत्रणा सक्तीची असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे ती चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ते कोणी पाहिले आहे का, हे सभेत विचारा.

इथे आपल्याच लोकांना दोन शब्द सुनावले पाहिजेत. विहारातल्या बैठकीला वेळेवर हजर राहणारे आपले कार्यकर्ते सोसायटीच्या वार्षिक सभेकडे मात्र फिरकत नाहीत. "तिथे आपले कोण ऐकणार?" असे म्हणून घरी बसतात. बांधवांनो, स्लॅब कोसळतो तेव्हा तो आडनाव विचारत नाही. संघटित होण्याची गरज मोर्चात आहे तशीच जिन्यातही आहे. येत्या सभेला जा आणि एकच प्रश्न विचारा: आपल्या इमारतीखालची जमीन आज कोणाच्या नावावर आहे? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.